हिमजलातील एक सहल

माघ महिन्यात भल्या पहाटे नदीवर स्नानास जाण्याची प्रथा नर्मदा, गोदावरी आणि क्षिप्रा यांच्या काठी आजही अगदीच नाहीशी झालेली नाही. पाण्यात पहिले पाऊल टाकताना अंगावर येणारा शहारा, पहिल्या बुडीबरोबर आपोआप अडकणारा श्वास आणि वर आल्यानंतर सर्वांगात संचारणारी ऊब हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना थंड पाण्याचे भय आणि थंड पाण्याचे आकर्षण या दोन्ही गोष्टी निराळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. परंतु माघातल्या नर्मदेचे पाणी ज्याच्यापुढे कोमट ठरावे अशा पाण्यात, पुण्यासाठी नव्हे तर केवळ मौजेखातर उतरणारी माणसे जगात आहेत, आणि त्यासाठी ती हजारो मैलांचा प्रवास करतात, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वास घेण्यासाठी एक वाकडी नळी आणि पायांत बदकाच्या पंजासारखी वल्ही लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगावयाचे आणि खालचे जग पाहावयाचे, या क्रीडेस स्नॉर्कलिंग म्हणतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत ती आता चांगलीच रुळली आहे. तिचे नाव अलीकडचे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना हवा पुरविणाऱ्या नळीस जे नाव होते, तेच पुढे या लहानशा नळीस मिळाले. कल्पना मात्र फार जुनी आहे. हत्ती खोल पाण्यातून जाताना सोंड वर धरून श्वास घेतो, ते पाहून पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वासनलिकेची आठवण होते, असे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहून ठेवले आहे. मालवणचे पाणी उबदार असते. तेथे एखाद्याने साध्या कपड्यांनिशी तासभर डुंबावे, तरी दातावर दात वाजावयाचे नाहीत. ही हकीकत आहे ती याच क्रीडेच्या दुसऱ्या, अगदी विरुद्ध टोकाची.

आइसलंड हा उत्तर अटलांटिक महासागरातील बेटवजा देश. त्याची राजधानी रेक्याविक. तेथून ईशान्येस सुमारे ४५ किलोमीटरांवर थिंगवेट्लिर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९३० साली ते स्थापन झाले आणि २००४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. या उद्यानातील एका मोठ्या सरोवराच्या काठाशी जमिनीला एक अरुंद, खोल भेग पडली आहे. ती काठोकाठ पाण्याने भरलेली असते. तिचे नाव सिल्फ्रा. तिच्यातील पाण्याचे उष्णतामान उन्हाळा असो वा हिवाळा, दोन ते चार अंश सेल्सिअस एवढेच असते. तरीही हे पाणी गोठत नाही, कारण ते साचलेले नाही. जमिनीखालून झरत येऊन ते सरोवराकडे अखंड वाहत असते.

या पाण्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. सुमारे ५० किलोमीटर उत्तरेस लांगयोकुट्ल नावाची विस्तीर्ण हिमनदी आहे. तिचे वितळलेले पाणी एके काळी नदीवाटे सरळ खाली येत असे. पुढे ज्वालामुखीच्या लाव्हारसाने त्याची वाट अडविली आणि पाणी त्या सच्छिद्र खडकात मुरू लागले. आता हिमनदीपासून सिल्फ्रापर्यंत यावयास त्यास तीस ते शंभर वर्षे लागतात. आज ज्या पाण्यात एखादा प्रवासी तरंगतो, त्यातले काही त्याच्या आजोबांच्या तरुणपणी बर्फातून सुटलेले असणे अशक्य नाही. इतकी वर्षे खडकातून गाळले गेल्यामुळे त्यात गढूळपणाचा अंशही उरत नाही. शंभर मीटरांपलीकडचेही त्यात स्वच्छ दिसते आणि ते तसेच ओंजळीने पिता येते.

हा गाळणीचा खडक मराठी माणसास परका नाही. तो बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा आणि इंदूरकरांच्या माळव्याच्या पठाराचा काळा पाषाणच होय. अंतर आहे ते वयाचे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झाला. थिंगवेट्लिरचा लाव्हा अवघ्या काही हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे जे कार्य केव्हाच संपून गेले आहे, ते आइसलंडमध्ये अद्याप चालू आहे.

उत्तर अमेरिकेचा भूपट्ट आणि युरेशियाचा भूपट्ट या ठिकाणी एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने दूर सरकत आहेत. मनुष्याची नखे याहून काहीशी अधिक वेगाने वाढतात. परंतु नखे कापली जातात. हे अंतर साचत जाते. गेल्या दहा हजार वर्षांत थिंगवेट्लिरची दरी सुमारे ७० मीटरांनी रुंदावली आणि ४० मीटरांनी खचली, असा भूशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. हे खचणे नेहमीच संथ नसते. १७८९ साली लागोपाठ भूकंप झाले, तेव्हा दरीचा तळ थोड्याच दिवसांत मीटर-दोन मीटर खाली बसला. सिल्फ्रामध्ये दोन्ही हात पसरले की एक हात अमेरिकेस आणि दुसरा युरोपास लागतो, असे प्रवाशांना मोठ्या हौसेने सांगण्यात येते. हे वाक्य छायाचित्राखाली शोभून दिसते. पण ते पुरतेपणी खरे नाही. दोन भूपट्टांमधील ही दरी कित्येक किलोमीटर रुंद असून तिच्यात अशा शेकडो भेगा आहेत. सिल्फ्रा ही त्यांतली एक. मात्र सत्य सांगितल्याने तिचे महत्त्व उणावत नाही.

याच दरीत, उघड्या आकाशाखाली, इसवी सन ९३० मध्ये आइसलंडच्या लोकांनी आपली लोकसभा भरविली. तिला आल्थिंग म्हणत. कायदे लिहून ठेवण्याची प्रथा तेव्हा नव्हती. म्हणून एक अधिकारी खडकावर उभा राहून दर वर्षी एकतृतीयांश कायदा मुखोद्गत म्हणून दाखवी, आणि तीन वर्षांत संपूर्ण कायदा लोकांच्या कानांवरून जाई. पाठांतराच्या बळावर ज्ञान टिकविणाऱ्या आपल्या देशास याचे मर्म सहज उमगावे. १७९८ पर्यंत ही सभा येथे भरत होती, आणि १७ जून १९४४ रोजी आइसलंडच्या प्रजासत्ताकाची घोषणाही येथेच करण्यात आली. सिल्फ्रावर येणारा प्रवासी अशा भूमीवर पाऊल ठेवीत असतो.

आता प्रश्न थंडीचा. दोन अंशांच्या हवेत उबदार कोट घालून मनुष्य मजेत फिरतो. मग दोन अंशांच्या पाण्याची एवढी धास्ती का? त्याचे कारण असे की, पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट आहे. हवा शरीराची ऊब हळूहळू मागून घेते, पाणी ती लुटून नेते. आणि पुष्कळांची समजूत असते त्याप्रमाणे मनुष्य गारठून मरतो तो तासाभराने. खरा धोका असतो तो पहिल्या एक-दोन मिनिटांत. उघड्या अंगास एकाएकी हिमजल लागले की एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो. तो आवरणे इच्छेच्या स्वाधीन नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर हवेऐवजी पाणी आत जाते. पाठोपाठ श्वास जलद होतो, नाडी धावू लागते, कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. निरोगी हृदय हा भार सोसते. दुखावलेले हृदय सोशीलच असे नाही. पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा मिळविणे, पुढच्या दहा मिनिटांत हातपाय चालत आहेत तोवर सुटकेची सोय पाहणे, आणि शुद्ध हरपावयास सुमारे तास लागतो हे ध्यानी ठेवून न घाबरणे, असे एक सूत्र अनपेक्षितपणे थंड पाण्यात पडणाऱ्यांसाठी तज्ज्ञांनी सांगून ठेवले आहे.

सिल्फ्रामध्ये कोणी उघड्या अंगाने उतरत नाही. त्यासाठी ड्राय सूट नावाचा पोशाख असतो. आत लोकरीचे किंवा तत्सम ऊबदार कपडे घालावयाचे आणि त्यावर हा पायमोज्यांसह अखंड शिवलेला जलाभेद्य अंगरखा चढवावयाचा. मनगटाशी आणि गळ्याशी रबराच्या घट्ट पट्ट्या असतात. त्यांतून पाणी आत शिरू शकत नाही. अंग कोरडे राहते आणि आत कोंडलेली हवा ऊबही देते नि तरंगतही ठेवते. किंबहुना तिच्यामुळे बुडी मारावयाची म्हटले तरी साधत नाही. हात आणि डोके मात्र जाड रबरी आवरणात असूनही भिजतात, आणि ओठांना तर काहीच आवरण नसते. एवढी तयारी असूनही येथे प्राणहानीचे अपघात झालेले आहेत. २०१७ सालानंतर नियम अधिक कडक करण्यात आले. पोहता आले पाहिजे, वय किमान बारा वर्षे पाहिजे, एका मार्गदर्शकाबरोबर सहांहून अधिक माणसे असू नयेत, असे ते नियम आहेत. शिवाय प्रकृतीविषयी एक प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते. हृदयविकार आहे काय? दमा आहे काय? कोणती औषधे चालू आहेत? प्रत्येक प्रश्नापुढे होय अथवा नाही एवढेच लिहावयाचे असते.

एवढेच लिहावयाचे असते, परंतु कधी कधी ते फार जड जाते. कल्पनेने एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. इंदूरचे एक निवृत्त गृहस्थ, त्यांची पत्नी आणि युरोपात नोकरीस असलेली त्यांची कन्या. मुलीने पहिल्या मोठ्या रजेत आईवडिलांना आइसलंड दाखवावयाचे ठरविले आहे. वडिलांना तरुणपणी पोहण्याची बक्षिसे मिळालेली. त्यामुळे सिल्फ्राचा बेत त्यांचा आणि मुलीचा. आईने काठावर बसून कोट, चष्मे आणि डब्यातले लाडू सांभाळावयाचे, हे कोणी ठरविले नव्हते. ते आपोआप ठरलेले होते.

आदल्या रात्री मुलगी प्रश्नपत्रिका भरावयास देते. वडिलांची लेखणी एका प्रश्नाशी थांबते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी बसविलेली आहे. त्यानंतर काही त्रास नाही, रोज चार मैल चालणे आहे, गोळ्या वेळच्या वेळी आहेत. येथे ‘नाही’ असे लिहिले तर कोणास कळणार आहे? मुलीने पैसे भरले आहेत. ती वर्षभर या दिवसाविषयी बोलत आली आहे. कोणी खोटे बोलावे म्हणून दडपण आणीत नाही. परंतु प्रेमाचे दडपण हेही दडपणच असते, आणि ते अधिक अवघड.

“बाबा, काय झालं?” मुलगी विचारते.

“काही नाही. अक्षर बारीक आहे जरा.”

आई शेजारीच घड्या घालीत बसलेली असते. ती वर न पाहता म्हणते, “अहो, अक्षर बारीक नाही. खरं काय ते लिहा. पाण्यापुढं खोटं चालत नाही, असं माझे वडील म्हणायचे.”

आईचे माहेर महेश्वरचे. घाटाच्या पायऱ्यांवरून नर्मदेत उड्या टाकीतच ती लहानाची मोठी झाली. लग्नानंतर पोहणे सुटले, आणि पुढे तिला पोहता येते हेच घरात सर्वजण विसरून गेले. वडील प्रश्नापुढे ‘होय’ असे लिहितात. कागद मुलीकडे सरकवून ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसतात. उन्हाळ्यात तेथे रात्रीही उजेड मावळत नाही. त्यामुळे अंधारात तोंड लपविण्याचीही सोय नसते. मग तेच म्हणतात, “माझी जागा रिकामी राहायला नको. हिला घेऊन जा.”

“मला?” आई हसते. “या वयात?”

“आई, बावन्न म्हणजे काही वय नाही,” मुलगी म्हणते. “आणि तुला श्वास कसा धरायचा ते शिकवावं लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी आणखी एक कागद भरला जातो. या वेळी सर्व प्रश्नांपुढे ‘नाही’ असते आणि ते खरे असते.

पोशाख चढविणे हेच एक कर्म आहे. गळ्याची रबरी पट्टी डोक्यावरून उतरविताना आईचा आंबाडा सुटतो. दोन माणसे ओढून ओढून तिच्या हातांत मोजे घालतात. काळ्याकुट्ट सुजलेल्या त्या पोशाखात चालणारी आपली पत्नी पाहून गृहस्थांना हसू आवरत नाही. भेगेपाशी लोखंडी जिना आहे. एकेक पायरी उतरत ती कमरेपर्यंत पाण्यात जाते. पोशाख सर्व बाजूंनी अंगाला घट्ट दाबला जातो, पण थंडी लागत नाही. मग मार्गदर्शक सांगतो, आता तोंड पाण्यात घाला. कपाळाला आणि ओठांना पाणी लागते, तोच छातीत काहीतरी घट्ट मिटते. ती चटकन वर येते आणि जिन्याचा गज पकडते.

मार्गदर्शक घाई करीत नाही. श्वास घेण्याचे मनात आणू नका, तो सावकाश सोडण्याकडे लक्ष द्या, एवढेच तो सांगतो. हा उपाय साधा असला तरी त्यास शास्त्राचा आधार आहे. थंडीने श्वास उथळ नि जलद होतो. तो लांबवून सोडला की पुढचा आपोआप खोल येतो. त्यात चेहऱ्याला थंडी लागली की नाडी मंदावण्याचा एक गुण शरीरात उपजत असतो, तोही धीर धरल्यास मदतीस येतो. आई दुसऱ्यांदा तोंड पाण्यात घालते. या वेळी गज सोडण्यापूर्वी ती मनाशी वीस आकडे मोजते. मग गज सुटतो.

खाली जे दिसते, त्यास पाणी म्हणावयाचे की निळी हवा, असा संभ्रम पडतो. पाणी तांबडे किरण आधी शोषून घेते आणि निळे पुढे जाऊ देते. पाण्यात गढूळपणा नसल्यामुळे ती निळाई दूरवर पसरत जाते. दोन्ही बाजूंना काळ्या कड्यांचे तुटलेले थर, कड्यांवर हिरव्यागार शेवाळाच्या लांब बटा, आणि त्यांच्यामधून खोल खोल उतरत गेलेला तळ. कित्येकांना प्रथम पडण्याचीच भीती वाटते. मासे येथे क्वचितच दिसतात. ते पलीकडच्या सरोवरात असतात. परंतु या प्रदेशाच्या भूजलात आंधळे, रंगहीन असे चिमुकले जीव सापडले आहेत, आणि अवघे बेट हिमाखाली गाडले गेले होते त्या हिमयुगातही ते खडकांतील पाण्यात तग धरून राहिले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात.

पोहावे लागतच नाही. मंद ओढ शरीराला पुढे नेते. हात हलविले तर मोज्यांतील कोमट झालेले पाणी निसटून नवे थंड पाणी आत येते, म्हणून हात छातीशी जोडून स्वस्थ तरंगावयाचे असते. सुमारे अर्ध्या तासाने भेग रुंदावते आणि उथळ पाण्यात वळून बाहेर यावयाचे असते. तेथे पोहोचेपर्यंत ओठ बधिर होतात, बोटे आपली राहत नाहीत. वळण्यापूर्वी आई तोंडातील नळी क्षणभर काढते आणि एक घोट पाणी घेते. मुलीला ते गमतीचे वाटते. आईने तो घोट कशा भावनेने घेतला, हे तिने विचारले नाही आणि आईनेही सांगितले नाही.

गृहस्थ तोवर काठाच्या वाटेने त्यांच्याबरोबर चालत आलेले असतात. पाणी इतके नितळ की वरून पाहताना दोघी हवेत तरंगत आहेत असे त्यांना वाटत होते. एका ठिकाणी ते थांबले, वाकून त्यांनी पाण्यात हात घातला, मनात आकडे मोजू लागले, आणि तीस होण्यापूर्वीच हात काढून घेतला. आदल्या रात्री लिहिलेल्या एका शब्दाचा अर्थ त्यांना त्या हाताने सांगितला. त्यानंतर त्यांच्या मनात खंत राहिली नाही असे म्हणणे खोटे होईल. परंतु ती खंत सोबत घेऊन घरी परत येता येते, हा केवढा मोठा लाभ आहे, हे त्यांस कळले.

पोशाख उतरल्यावर गरम चॉकलेटचे पेले हाती येतात. आईच्या बोटांना पेला धरवत नाही. गृहस्थ तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतात. चारचौघांत असे त्यांनी तीस वर्षांत केले नव्हते.

“कसं होतं?” ते विचारतात.

ओठ अद्याप जड असल्यामुळे तिला शब्द जुळवावयास वेळ लागतो. “नर्मदेत एवढी पोहले, पण तळ कधी दिसला नाही हो,” ती म्हणते. “इथं सगळा तळ दिसतो.”

मग ती डब्याकडे पाहते, आणि लाडू कोणी सांभाळले होते ते विचारते.